पातळ तळाच्या बुटात उतरताना

हलक्या, पातळ तळाच्या बुटात सराव करावा का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा असे बूट विकत तरी असतो, नाहीतर त्यांच्यापायी पाऊल दुखावून घरी बसलेला तरी असतो. माझं उत्तर जरा लांबट आहे. पाय निरोगी असतील तर करावा, पण आठवड्याच्या धावण्यातला छोटा वाटा म्हणून, आणि तिथवर पोचायला चार ते सहा महिने घ्यावेत. या बुटांनी धावण्याचं ओझं कमी होत नाही, ओझ्याचा खांदा बदलतो. जाड टाचेच्या बुटात गुडघा जे सोसतो त्यातला बराचसा भार पोटरी, टाचेमागची जाड शीर म्हणजे अकिलीस टेंडन आणि चवड्याची हाडं यांच्यावर जातो. म्हणून गुडघ्याच्या वाटीमागे दुखणाऱ्यांना अनेकदा बरं वाटतं आणि ज्यांची पोटरी आधीच कुरकुरते त्यांचं दुखणं वाढतं.

आधी बूट. हलका बूट आणि मिनिमल, म्हणजे पातळ तळाचा, कमीत कमी गादीचा बूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिला घोळ इथेच होतो. शर्यतीचे कार्बनची पट्टी घातलेले बूट वजनाने दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात, पण टाचेखाली फोम जवळजवळ 40 मिमी असतो; रस्त्यावरच्या शर्यतींसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्सने घातलेली मर्यादाच 40 मिमी आहे. हातात घेतला तर पिसासारखा, पण जमीन कुठे आहे ते पायाला कळत नाही. मिनिमल बूट ओळखायला 2015 मध्ये 42 तज्ज्ञांच्या मतांवरून एक मोजपट्टी ठरली. वजन, टाचेखालची जाडी, ड्रॉप, लवचिकता आणि पाऊल आवरून धरणारी साधनं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 5 गुण. ड्रॉप म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती मिलिमीटर उंच आहे ते. वजन 125 ग्रॅमच्या आत, जाडी 8 मिमीच्या आत, ड्रॉप 1 मिमीच्या आत असेल तर त्या त्या खात्यात पूर्ण 5 गुण. वजन 325 ग्रॅम, जाडी 32 मिमी, ड्रॉप 13 मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर शून्य.

नेहमीचा गादीवाला बूट घेऊन हिशोब करून बघा. वजन 280 ग्रॅम, 1 गुण. जाडी 33 मिमी, 0. ड्रॉप 12 मिमी, 1. उरलेल्या दोन खात्यांत मिळून 4 गुण दिले तरी 25 पैकी 6, म्हणजे 24 टक्के. अशा बुटातून थेट 90 टक्क्यांच्या बुटात उडी मारणाऱ्यांचंच बहुतेक वेळा बिनसतं. पहिला जोड 50 ते 65 टक्क्यांमधला घ्यावा: ड्रॉप 4 ते 6 मिमी, जाडी 20 मिमीच्या अल्याडपल्याड. तो सहा महिने पायाखालून गेला की मग हवं तर आणखी पातळ.

दुकानात आकडे कुणी सांगत नाही, तेव्हा हाताने तपासा. टोक आणि टाच धरून बूट पापडासारखा गुंडाळला जातो का? ओला कपडा पिळतात तसा पिळला तर पिळला जातो का? आतला सुटा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि पूर्ण वजन टाकून त्याच्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठा बाजूने बाहेर डोकावत असेल तर तो बूट तुमचा नाही, आकडा कितीही बरोबर असो. सगळ्यात लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा हवी. हे सगळं संध्याकाळी करावं, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगलेलं असतं. पातळ बुटात बोटं पसरायला जागा नसेल तर बूट बदलून काही मिळवलंच नाही.

वजनाचा फायदा किती? दर बुटामागे 100 ग्रॅम कमी झाले की धावायला लागणारा ऑक्सिजन साधारण 1 टक्क्याने घटतो. शर्यतीत ते मोलाचं आहे, पण रोजच्या संथ धावण्यात त्याचा काही उपयोग नाही. सरावासाठी असा बूट घ्यायचा तो पावलाला कामाला लावण्यासाठी.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की इथिओपियाचा धावक अबेबे बिकिला आठवतोच. 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. त्याचं नाव घेणारे 1964 चं टोकियो सांगायला विसरतात: तिथे तो बूट घालून धावला आणि 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत पुन्हा जिंकला. 2010 मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात आणि टाच आपटताना बसणारा पहिला तीक्ष्ण धक्का त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही. वाचणाऱ्यांनी यातून बूट तेवढा उचलला, उतरणं उचललं नाही. पाच बोटांचे बूट करणाऱ्या व्हायब्रमने आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला 2014 मध्ये 37.5 लाख डॉलरवर मिटवला, त्यानंतर अशा बुटांची लाट ओसरली. बूट मात्र राहिले, आणि ते नीट वापरायची पद्धतही आता बरीच स्पष्ट झाली आहे.

ही पद्धत चार आठवडे न धावता सुरू होते. नवा बूट घालून फक्त चालायचं: पहिल्या आठवड्यात दिवसाला अर्धा तास, मग दीड-दोन तास, चौथ्या आठवड्यात जमेल तितका दिवसभर. हे मिळमिळीत वाटतं, म्हणून बहुतेक जण गाळतात. पण 2019 च्या एका अभ्यासात आठ आठवडे मिनिमल बुटात नुसतं चालणाऱ्यांच्या पावलातले स्नायू, पावलाचे खास व्यायाम करणाऱ्यांइतकेच मजबूत झाले होते. फुकटात मिळणारं हे बळ सोडू नका. नेहमीचं धावणं या काळात जुन्या बुटातच चालू ठेवायचं.

याच चार आठवड्यांत पोटरी तयार करायची. पायरीच्या कडेवर चवडा ठेवा, टाच अधांतरी. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. गुडघा सरळ ठेवून 12 चे तीन संच, मग गुडघा थोडा वाकवून पुन्हा 12 चे तीन. वाकवलेल्या गुडघ्याने आतला सोलियस स्नायू काम करतो आणि धावताना खरी मजुरी त्याचीच असते. लोक नेमका हा अर्धा भाग सोडतात. दिवसाआड करा, दोन आठवड्यांनी एका पायावर या, मग पाठीवर वजन घ्या. टाचेच्या हाडाला जिथे शीर चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा. खाली ताणल्याने शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं. पावलासाठी एकच व्यायाम पुरे: बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे कमान किंचित वर येते. पाच सेकंद धरा, दहा वेळा. पहिल्या दिवशी पाऊल अजिबात ऐकत नाही, बोटं आकडीसारखी वळतात. आठवडाभरात ऐकू लागतं.

पुढे जायच्या आधी तीन चाचण्या. एका पायावर, भिंतीला फक्त बोटं टेकवून, सलग 25 वेळा टाच पूर्ण वर उचलता यावी. डोळे उघडे ठेवून एका पायावर 30 सेकंद न डगमगता उभं राहता यावं. आणि अंगठा भिंतीपासून 10 सेमीवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागावा. तिसरीत नापास होणारे पुष्कळ असतात. त्यांचा घोटा पुढे झुकत नाही, आणि कमी ड्रॉपच्या बुटात घोट्याला नेमकं तेच करावं लागतं. चाचणी जमली नाही तर आणखी दोन-तीन आठवडे चालणं आणि पायरी.

काहींनी या वाटेला जाऊच नये. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी तर मुळीच नाही, कारण खडा टोचला तरी कळत नाही. गेल्या सहा महिन्यांत हाडाला तडा गेलेल्यांनी, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी आणि अंगठा मागे वळत नसलेल्यांनीही थांबावं. वजन जास्त असेल तर वाढीचा वेग निम्मा ठेवा. पातळ बुटात जड धावकांना दुखापती जास्त होतात असं मोजलं गेलं आहे. आणि शर्यत दोन महिन्यांवर आली असेल तर आत्ता बूट बदलणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता धावणं. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. एक मिनिट धावा, एक मिनिट चाला, असं सहा वेळा. बस. मग बूट बदलून उरलेलं धावणं जुन्या जोडात. नवा बूट नेहमी सुरुवातीला, पाय ताजे असताना. शेवटी घातला तर थकलेल्या पायाने चुकीचंच उतरणं घोटवलं जातं. दुसऱ्या आठवड्यात दोन-दोन मिनिटं पाच वेळा, तिसऱ्यात सलग 10 मिनिटं. चौथ्यात वाढवायचं नाही, उलट 8 वर यायचं. पुढे दर आठवड्याला 2 मिनिटं आणि दर चौथ्या आठवड्याला एक पाऊल मागे. तीन महिन्यांच्या शेवटी आठवड्यातून दोनदा 18 ते 20 मिनिटं होतात. हे चिल्लर वाटत असेल तर मोजून बघा: मिनिटाला 170 पावलांनी 10 मिनिटांत 1700 पावलं, म्हणजे एका पायावर 850 वेळा शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार, तोही ज्या पोटरीला आजवर उंच टाचेचा आधार होता तिच्यावर.

उतरायचं कसं, यावर फार विचार केला की चाल लाकडी होते. दोनच गोष्टी धरा. पहिली, पावलांची गती. 30 सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा. 40 आलं तर 160. ते 42 वर न्या, म्हणजे 168. एवढ्या पाच टक्क्यांनी पाऊल आपोआप शरीराच्या जवळ पडतं आणि पुढे टाच फेकणं कमी होतं. एकदम 180 च्या मागे लागू नका. तो आकडा सगळ्यांसाठी नाही. दुसरी गोष्ट, आवाज. पातळ तळ चुगलखोर असतो. ‘थाड’ वाजलं तर टाच आपटते आहे, ‘फट’ वाजलं तर चवडा आपटतो आहे. बरोबर उतरलेलं पाऊल पुसट, घासल्यासारखा आवाज करतं.

नवशिक्यांची सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र उलट्या टोकाची असते. टाच लावायची नाही असं मनावर घेऊन ते नाचल्यासारखे बोटांवर धावतात. चवडा आधी टेकला तरी क्षणभराने टाचही जमिनीला लागलीच पाहिजे. ती लागली नाही तर पोटरी पूर्ण वेळ आवळलेली राहते आणि दहा मिनिटांत दगड होते. तशीच दुसरी चूक: बूट पातळ, पण टाच पूर्वीसारखीच पुढे फेकलेली. गादी काढून टाकली आणि आपटणं तसंच ठेवलं, तर जुनाच बूट बरा होता.

पहिल्या धावण्यानंतर त्या दिवशी काहीच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कळतं. पोटरी दोन्हीकडे सारखी, पसरट दुखते आणि चालल्यावर सैल होते. 48 तासांत ओसरली तर सगळं ठीक आहे. तिसऱ्या दिवशीही लंगडायला होत असेल तर मात्रा निम्मी करा. दुखणं एकाच पायात, एकाच बिंदूवर असेल, किंवा धावता धावता वाढत असेल, तर तिथेच थांबा. टाचेमागची शीर सकाळची पहिली काही पावलं ताठ राहणं चालेल. ताठरपणा दहा मिनिटांच्या पुढे गेला तर धावणं मागच्या टप्प्यावर न्या आणि दिवसभर वापरायला थोडी उंच टाच असलेले बूट घ्या.

खरा धोका मात्र पुढे आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोटरी दुखायची थांबते. पाय हलके वाटतात, जमीन कळायला लागते, वेगही थोडा वाढलेला असतो. इथे माणूस तक्ता बाजूला ठेवतो आणि एका रविवारी आठ किलोमीटर उरकून येतो. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतो, शिरेला महिने लागतात, आणि हाड तर आधी झिजतं आणि मग घट्ट होतं. नवा भार आला की हाडातला जुना भाग आधी खाल्ला जातो, नवा मागाहून भरतो. मधल्या काही आठवड्यांत ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं. पोटरीचं दुखणं थांबतं नेमकं याच काळात. 2013 च्या एका अभ्यासात पाच बोटांचे बूट दहा आठवड्यांत हळूहळू वाढवत नेणाऱ्या 19 धावकांपैकी 10 जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली. नेहमीच्या बुटातल्या 17 जणांत ती एकालाच होती. म्हणजे ‘दहा आठवडे हळूहळू’ हेही अनेकांसाठी घाईचंच ठरलं.

म्हणून रोज सकाळी बिछान्यातच एक मिनिट द्या. पाऊल मांडीवर घ्या. बोटांच्या मुळापासून घोट्याकडे जाणारी पाच लांब हाडं वरून हाताला लागतात. अंगठ्याच्या पेराने एकेक हाड दाबत वर जा. दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडावर, मध्यापासून बोटाकडच्या भागात, जरा रेंगाळा, कारण तडा जाण्याचं नेहमीचं ठिकाण तेच. मग दुसऱ्या पावलावर तेवढ्याच जोराने दाबून बघा. दोन्हीकडे सारखं बोथट दुखलं तर स्नायू थकले आहेत. एका जागी, नाण्याएवढ्या भागात कळ आली, वर किंचित सूज दिसली, त्या पायावर उडी मारवेना किंवा रात्री ठणकलं, तर धावणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरकडे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा येऊ शकतो, त्यावर विसंबून पुन्हा धावायला लागू नका. एमआरआयमध्ये ते लवकर दिसतं. तडा असेल तर सहा ते आठ आठवडे विश्रांती. सूज असतानाच थांबलात तर बहुधा कमी वेळात सुटका होते.

जमिनीबद्दल उलटा समज आहे. पातळ बूट म्हणून मऊ जागा शोधतात. वाळूत टाच खाली जाते आणि पोटरीला जास्त ओढ बसते, गवताखाली खड्डे लपतात. सुरुवातीला सपाट, कडक, गुळगुळीत पृष्ठभागच बरा, कारण चुकीचं उतरणं तो लगेच सांगतो. उतार मात्र पहिले तीन महिने टाळा. तिथे पाऊल पुढे पडतंच आणि सगळा लगाम चवड्यावर येतो. वेगाचा सराव आणि नवे बूट एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर दुखल्यावर दोष कशाचा ते कळत नाही.

सहा महिन्यांनंतर आठवड्याला 50 किलोमीटर धावणाऱ्याने त्यातले 10 ते 15 किलोमीटर अशा बुटात करावेत: एक छोटं संथ धावणं, एकदा सरावाआधीच्या 80-100 मीटरच्या चार-सहा हलक्या दौडी, आणि हवं तर एक मध्यम अंतर. लांब पल्ल्याला जाड बूटच घाला. दीड तासाने पोटरी दमते, टाच आपटायला लागते आणि तिला झेलायला खाली काहीच नसतं. सगळं धावणं पातळ बुटात नेणारेही आहेत. त्यांतल्या काहींना ते छान मानवतं, पण त्यासाठी वर्ष-दीड वर्ष धरावं.

साधारण 150 किलोमीटर झाले की बूट उलटा करून उजेडात धरा. उतरणं बरोबर असेल तर चवड्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मुळाखाली झिजायला सुरुवात झालेली असते आणि तिथून ती झीज पुसट होत अंगठ्याखाली जाते. टाचेचे खवले जवळजवळ नवे, पण कोरे नव्हेत, थोडे मळलेले. टाच पूर्ण कोरी असेल तर ती जमिनीला टेकतच नाही. पायरीवरचा व्यायाम वाढवा आणि धावताना ती खाली सोडा. टाचेची मागची बाहेरची कड तिरपी कापल्यासारखी गेली असेल तर पावलांची गती पुन्हा मोजा. आणि चवड्याच्या मधोमध, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली रबर गोल झिजलं असेल तर पाऊल तिथे फिरून घासतं आहे, अंगठा जोर लावत नाही. अशा वेळी महिनाभर जुन्या बुटात परता आणि अंगठ्यावर भार ठेवून टाच उचलण्याचे संच पुन्हा सुरू करा.